देव्हाऱ्यापासून सातबाऱ्यापर्यंत

धर्म मानणाऱ्या माणसाच्या रोजच्या वागण्यात त्याची श्रद्धा कितपत उतरते, हा प्रश्न बहुधा दोन टोकांनी हाताळला जातो. देवळातील गर्दी हाच श्रद्धेचा पुरावा, असे एका बाजूचे लोक मानतात. दुसऱ्या बाजूचे लोक त्याच गर्दीतील माणसे बाजारात लबाडी करतात एवढ्यावरून सगळ्या श्रद्धेला ढोंग ठरवून मोकळे होतात. दोघांनाही माणसांचे वागणे जवळून पाहण्याची गरज भासत नाही, आणि म्हणूनच हा वाद पिढ्यानुपिढ्या चालू राहूनही पुढे सरकत नाही.

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदी आणि मध्य प्रदेशाची सीमा यांच्या बेचक्यात असलेला नरखेड तालुका या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीचा आहे. पंढरपूर किंवा शिर्डीप्रमाणे सबंध राज्याला ओढून घेणारे क्षेत्र येथे नाही. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना, भारसिंगी अशी संत्र्याच्या आणि कापसाच्या उत्पन्नावर जगणारी गावे आहेत. मात्र नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात महानुभावांचे रिद्धपूर, गाडगेबाबांचे शेंडगाव, तुकडोजी महाराजांचे यावली आणि त्यांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापन केलेले मोझरी आहे, आणि पूर्वेला नागपुरात दीक्षाभूमी आहे. श्रद्धेची कसोटी पूजेत नसून वागण्यात आहे, असे सांगणाऱ्या इतक्या परंपरा ज्याच्या भोवती नांदल्या, तो मुलूख याच कसोटीवर कसा उतरतो, हे पाहणे उचित ठरते.

श्रद्धा मोजण्याचा प्रयत्न समाजशास्त्राने केलेला आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स ग्लॉक यांनी १९६० च्या दशकात धार्मिकतेची पाच अंगे मांडली: माणूस काय मानतो, कोणते विधी करतो, त्याला कोणता अनुभव येतो, धर्माविषयी त्याला किती माहिती आहे, आणि या सगळ्याचा त्याच्या जगण्यावर काय परिणाम होतो. यांपैकी पहिली दोन अंगे प्रश्नावलीत सहज सापडतात आणि पाचवे सर्वांत कठीण जाते. प्यू या संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा जवळपास ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. परंतु ज्या गोष्टीला जवळजवळ सगळेच होकार देतात, त्या गोष्टीवरून एका माणसाचे वागणे दुसऱ्यापासून वेगळे कसे पडते हे कळण्याची शक्यता उरत नाही. याच पाहणीत बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नसल्याचे सांगितले, आणि नागपूरच्या परिसरात, जेथे धम्म आचरणाशी जोडलेला आहे, तेथे देव मानणे हे धार्मिकतेचे माप म्हणून किती अपुरे आहे हे त्यावरून दिसते. शिवाय लोक स्वतःविषयी जे सांगतात त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चर्चमधील माणसे प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा हजेरी लोकांनी सांगितल्याच्या सुमारे निम्मीच भरली.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी दुसरा भेद सुचवला, जो पुढे फार गाजला. काही माणसांसाठी धर्म हे साधन असते, म्हणजे त्यातून त्यांना आधार, ओळख, प्रतिष्ठा किंवा संरक्षण हवे असते. आणि काहींसाठी तो साध्य असतो, म्हणजे बाकीचे जगणे ते धर्माच्या अनुरोधाने बेततात. पहिल्याला बाह्य आणि दुसऱ्याला आंतरिक धार्मिकता म्हटले गेले, आणि आंतरिक ती खरी असा समज त्यातून रूढ झाला. शेतकरी समाजाला हे माप लावताना मात्र जपून राहावे लागते. आंबिया बहाराची फळे गळू लागली किंवा कोळशी रोगाने बाग काळवंडली म्हणजे जो शेतकरी नवस बोलतो, तो ऑलपोर्टच्या वर्गवारीत सरळ पहिल्या गटात जाईल. तरी त्याच्या मागण्यात खोटेपणा कुठे आहे, हे दाखवणे अवघड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या पुरातून वाचलेल्या माणसाच्या प्रार्थनेत गरज किती आणि भक्ती किती, हे प्रश्नावलीने ठरवावे अशी अपेक्षाच अनुचित आहे. संकटात देव आठवणे हे श्रद्धेच्या उथळपणाचे लक्षण मानण्याची सवय बहुधा ज्यांच्या वाट्याला मोठे संकट आले नाही अशांनी लावलेली असावी.

या प्रदेशातील संतांनी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. माणसाच्या मनात काय आहे याचा शोध घेण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. कोणकोणत्या गोष्टी धर्मात मोजायच्या, यावर त्यांनी वाद घातला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अनेक देवतांची उपासना नाकारली, शिवाशिव झुगारली आणि मासिक पाळीचा विटाळ मानण्यास नकार दिला. म्हणजे तोवर जे धर्म म्हणून पाळले जात होते त्यातील पुष्कळसे त्यांनी धर्माबाहेर काढले आणि अहिंसा व संयम यांना आत आणले. मात्र त्यांच्या पंथात संन्यासी आणि वासनिक, म्हणजे संसारात राहणारे अनुयायी, असे दोन थर राहिले, आणि वासनिकांच्या घरी सोयरिकी जातीतच होत राहिल्या. रिद्धपूरच्या परंपरेचा हा अनुभव पुढच्या चळवळींनाही चुकला नाही.

गाडगेबाबांनी, म्हणजे १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी, ही सरहद्द हातातील खराट्याने आखली. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत विचारत नवसाचा बोकड, दारू, कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा आणि ऐपतीबाहेरचे जेवणावळीचे खर्च यांची उलटतपासणी घेत. त्यांनी एकही देऊळ बांधले नाही. धर्मशाळा, गोरक्षण संस्था आणि शाळा उभ्या केल्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कृतीचे वजन कळते. वारीत एकत्र चालणारी माणसे स्वयंपाक आणि पंगत जातीजातीने वेगळी ठेवतात, हे इरावती कर्वे यांनी स्वतः वारीत चालून त्याच काळाच्या आसपास नोंदवले होते. त्या वारकऱ्यांची भक्ती लटकी होती असे कर्वे म्हणत नाहीत, आणि तसे म्हणणे बरोबरही नव्हते. चालणे आणि गाणे धर्माचे, जेवणे मात्र जातीचे, अशी वाटणी त्यांच्या मनात इतकी पक्की होती की त्यात विसंगती आहे हेच बहुतेकांना जाणवत नव्हते.

प्रस्तुत विषयाचे मर्म याच वाटणीत आहे. श्रद्धावंताच्या रोजच्या व्यवहारात श्रद्धा दिसत नाही तेथे ती खोटी असतेच असे नाही. पुष्कळदा तो व्यवहार धर्माच्या कक्षेत येतो, असे त्या माणसाने कधी धरलेलेच नसते. उपवास मोडला तर त्याला रुखरुख लागते, कारण उपवास धर्माचा आहे. संत्र्याच्या बागेचा इसार, म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम, घेतल्यावर जास्त भाव देणारा दुसरा व्यापारी आला आणि शब्द फिरवला, तर रुखरुख लागेलच असे नाही, कारण तो धंदा आहे.

तुकडोजी महाराजांनी ही कक्षा जितकी रुंद केली तितकी विदर्भात दुसऱ्या कोणी केली नाही. १९०९ साली यावलीत जन्मलेले, वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू मानणारे आणि खंजिरीवरच्या भजनांनी गावोगाव माणसे गोळा करणारे तुकडोजी १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५५ साली त्यांनी ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध केली. एकेचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथाचा विषय गाव हाच आहे: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे स्थान, श्रम, लग्नकार्ये आणि अंत्यसंस्कार. ज्याला इतर ग्रंथ लोकव्यवहार म्हणून बाजूला ठेवतात ते सगळे येथे उपासनेचा भाग म्हणून येते.

त्यांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आजही विदर्भातील असंख्य गावांत श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून चालते. सायंकाळी ठरल्या वेळी माणसे सरळ रांगांत, पुष्कळ ठिकाणी भगवी टोपी घालून, शिस्तीने बसतात. समोर मूर्तीऐवजी अधिष्ठान, म्हणजे गादीसारखे मांडलेले आसन असते. कोणाचा नैवेद्य मोठा आणि कोणाचा लहान असा प्रश्न येत नाही, कारण नैवेद्यच नसतो. जो आधी आला तो पुढे बसतो. गावच्या पाटलाच्या घरातील माणूस आणि त्याच्याच शेतात मजुरीला जाणारा माणूस एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसणे ही गोष्ट १९४० च्या सुमारास लहान नव्हती, आणि तिचे महत्त्व आज कमी वाटते, यातच त्या प्रार्थनेचे यश आहे.

या चळवळींच्या प्रभावाखाली आलेल्या घरांत जे बदल टिकले ते बहुधा चारचौघांना दिसणारे आहेत. दारू सुटणे हा त्यांतील सर्वांत ठळक. नागपुरात बाबा जुमदेवजी ठुब्रीकर (१९२१-१९९६) यांनी सुरू केलेल्या, परमात्मा एक सेवक मंडळाच्या रूपाने नागपूर-भंडारा-गोंदिया पट्ट्यात पसरलेल्या मानवधर्माच्या मार्गात एकाच भगवंताला मानणे, सत्य, मर्यादा आणि प्रेम यांनी वागणे, व्यसने सोडणे आणि कुटुंबात एकी राखणे हे नियम आहेत. एकट्यादुकट्याने नव्हे, तर घराने मिळून हा मार्ग स्वीकारायचा असतो. यातील मेख अशी की नवऱ्याने पुन्हा बाटली हाती धरली तर तो घरातील सगळ्यांचा नियमभंग ठरतो, आणि त्यामुळे एरवी घरात ज्या बाईचे कोणी ऐकत नाही तिच्या हाती धर्माचा अधिकार येतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याची भूमी म्हणून सरकारने कायद्याने दारूबंदी केली आणि तरी चोरटी दारू थांबली नाही; जे फौजदाराला साधले नाही ते काही घरांत सेवकांच्या शब्दाने साधले, ही गोष्ट श्रद्धेच्या बाजूने मोजलीच पाहिजे. लोक पाहतात म्हणून नियम पाळला जातो, तर त्यात मनापासूनचे किती, असा आक्षेप घेता येईल. परंतु दहा वर्षे लोकलाजेने न प्यायलेला माणूस अकराव्या वर्षी लोकांसाठी थांबलेला असतो असे समजणे म्हणजे सवयीची ताकद ओळखण्यात कमी पडणे होय.

त्याच वेळी एक उलटी प्रक्रियाही चालू असते, आणि ती अधिक लक्ष देण्याजोगी आहे. विधी नको, वागणूक हवी, असे सांगणाऱ्याने घालून दिलेली वागणूक काही काळाने स्वतःच विधी बनते. गाडगेबाबांच्या जयंतीला खराटे वाटले जातात, मान्यवर आधीच झाडलेल्या चौकात दोन हात फिरवतात, छायाचित्र निघते आणि त्याच संध्याकाळी जेवणाच्या पत्रावळी नालीत पडतात. राज्य सरकारने २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यातून अनेक गावांचा कायापालट झाला हे खरेच. पण तपासणी समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात उजळून निघणारी आणि पुरस्कार घोषित झाल्यावर पूर्वपदावर जाणारी गावेही महाराष्ट्राने पाहिली. नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे आणि अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव मिळाले, याचा आनंद मानावा. त्या विद्यापीठांतून शिकून बाहेर पडलेल्यांच्या लग्नपत्रिकांवर त्याचा काही परिणाम दिसतो का, हे मात्र कोणी मोजलेले नाही.

तेरवीचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. मृत्यूनंतर तेराव्या दिवशी घालायच्या जेवणाला विदर्भात तेरवी म्हणतात. गाडगेबाबा आणि तुकडोजी दोघांनीही कर्ज काढून घातलेल्या अशा जेवणांना विरोध केला. तरीही गावात तेरवी म्हटली की अंगणात मांडव पडतो, चुलाणावर आलू-वांग्याची भाजी आणि वरण-भाताची भांडी चढतात, बुंदीचे कढईभर घाणे निघतात, आणि आजूबाजूच्या गावांतील आप्त ट्रॅक्टर-ट्रॉलीने येऊन पंगतीवर पंगती उठतात. दुपारी तीनच्या सुमारास शेवटची पंगत बसते तेव्हा घरचा कर्ता मुलगा, ज्याने तेरा दिवस धड झोप घेतलेली नसते, वाढप्यांच्या मागे फिरून कोणी उपाशी तर राहिले नाही ना हे पाहत असतो. दवाखान्याच्या खर्चाने आधीच खचलेल्या घरावर हा भार पडतो, आणि जेवून जाणाऱ्यांत उद्या सायंकाळी प्रार्थनेला रांगेत बसणारे लोकही असतात. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. ते जेवायला गेले नाहीत तर शोकात असलेल्या घराचा अपमान होतो, आणि ते गेले तर प्रथा चालू राहते. दोन्हीकडे धर्मच उभा आहे, एकीकडे ग्रंथातला आणि दुसरीकडे शेजाऱ्याचा. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर भोंग्यावरून वर्गणी देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचली जातात तेथे मात्र इतकी सहानुभूती दाखवण्याचे कारण दिसत नाही.

परिस्थितीचा माणसाच्या वागण्यावर किती दाब असतो, हे अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवले आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे प्रवचन देण्यास पाठवले आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला. काही विद्यार्थ्यांना तर बायबलमधील, वाटेतील जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्याच कथेवर बोलायचे होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ज्यांना घाई नव्हती त्यांतील ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांतील फक्त १० टक्के थांबले, आणि कोण कोणत्या हेतूने धार्मिक आहे यावरून कोण थांबेल हे सांगता आले नाही. प्रयोग अवघ्या चाळीस विद्यार्थ्यांवर झाला, हे लक्षात ठेवून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न आणि पडलेला भाव यांची घाई ज्याच्या मागे बारमाही लागलेली आहे, त्याची श्रद्धा जोखताना तो आठवावा.

श्रद्धेने व्यवहार बदलल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र याच जिल्ह्यातील आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा देताना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवतांची पूजा न करण्याबरोबरच चोरी न करणे, खोटे न बोलणे आणि दारू न पिणे या रोजच्या जगण्याच्या गोष्टी आहेत. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आणि त्याबरोबर मिळणारा वाटा सोडण्याचे आवाहन त्याआधीच झाले होते. ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न नव्हते, त्याने ते काम नाकारले तेव्हा गावाने त्याला मजुरी, पाणी, वाट नाकारल्याचे प्रसंग महाराष्ट्रभर घडले. येथे श्रद्धेची किंमत पोटाने मोजली गेली, आणि तिच्या खरेपणाविषयी शंका घेण्यास जागा राहिली नाही. पुढच्या पिढ्यांत काही घरांतील देव्हारे परत आले, लग्न जुळवताना पोटजात विचारण्याची रीत पुष्कळ ठिकाणी राहिली, आणि त्यावर सर्वांत कडक टीका बौद्ध समाजातील लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनीच केली; स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब स्वतः मागण्याची ही सवय इतर समाजांत सहसा आढळत नाही.

कक्षेबाहेर राहिलेल्या व्यवहारांत सर्वांत मोठा जमिनीचा आहे. भाद्रपदात विदर्भातील घरोघरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन बहिणी माहेरी आल्या अशी भावना असते. मुखवट्यांना नवी लुगडी नेसवली जातात, ज्वारीची आंबील शिजते, पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो, सासरी गेलेल्या मुली येतात, आणि दोरे घेताना घरातील म्हातारी डोळे पुसते. या भावनेत खोटे काही नाही. याच घरातील बाप गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्याची वेळ येते, तेव्हा त्याच मुलींनी हक्कसोडपत्रावर सही करावी अशी अपेक्षा असते. हक्कसोडपत्र म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडून दिल्याचा दस्त. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क बाधित होत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. तरीही हिस्सा मागणारी बहीण लोभी आणि सही करणारी बहीण गुणाची, असा गावाचा निवाडा फारसा बदललेला नाही, आणि हिस्सा मागितला की माहेरचे दार, म्हणजे महालक्ष्म्यांना येण्याचे दारही, बंद होते.

‘ग्रामगीते’ने स्त्रियांच्या स्थानाचा विचार एका स्वतंत्र अध्यायात केला आहे, म्हणजे हा प्रश्न धर्माच्या आवाक्यात आणण्याची सोय परंपरेत आहेच. व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता, हुंडा यांवर प्रबोधनाची कीर्तने तासन् तास रंगतात आणि श्रोते माना डोलावतात. वारसाच्या फेरफारावर, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातील त्या एका नोंदीवर, कीर्तनकार क्वचितच बोलतो, कारण समोर बसलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांच्या बहिणींनी सही केलेली असते, आणि कदाचित त्याच्या स्वतःच्या बहिणीनेही.